अब्ला इनायात माफी मागतात

बुधवारी संध्याकाळी अब्ला इनायातनी लिहिलेलं चौथ्यांदा पुसलं आणि लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की स्वयंपाकघरात चहा ओतणाऱ्या नरमीनच्या हातातला पेला हिंदकळला.

"मावशी, लॅपटॉप आहे तो! चौथी ब मधलं बाक नाही!" भाची आतून ओरडली.

"बाकं बरी होती. आपटली की मुली सरळ बसायच्या," अब्ला म्हणाल्या. "हा आपटला तरी काही सुचवत नाही."

इजिप्तमधल्या दमनहूरच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं अरबी शिकवल्यामुळे गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना अब्ला, म्हणजे बाई, म्हणूनच हाक मारत. निवृत्त झाल्यावर लाल शाईचं पेन चालवायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी ब्लॉग सुरू केला. नाव 'तिसऱ्या मजल्यावरून'. दर गुरुवारी सकाळी सात वाजता बाल्कनीतून जे दिसेल ते त्या लिहीत. नगरपालिकेने खणलेला आणि विसरलेला खड्डा, खाटकाचा तराजू, कुणाच्या जावयाच्या मिशा. अब्लांच्या लेखात कुणाचं कौतुक सापडलं तर ते चुकून राहिलंय असं समजायचं. वाचक होते सव्वादोनशे. अर्धे गल्लीतले, आणि उरलेले कामासाठी कुवेतला नाहीतर इटलीला गेलेले. खड्डा अजून आहे ना, हे बघून त्यांना घरी आल्यासारखं वाटायचं.

पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एका वाचकासाठी होता, आणि त्या वाचक समोरच्या इमारतीत तिसऱ्याच मजल्यावर राहत होत्या. बहीगाबाई. चाळीस वर्षांची मैत्रीण. दोन बाल्कन्यांमधली गल्ली इतकी अरुंद की हात लांब केला तर मिठाची वाटी देता यावी. चार वर्षांपासून मात्र त्या गल्लीवरून साधा नमस्कारसुद्धा गेला नव्हता.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वीच्या ईदला अब्लांनी दोन दिवस खपून कहक केले. ईदची ही साखर भुरभुरवलेली बिस्किटं घरीच करायची असतात, भट्टीवर स्वतःच्या ताटातून न्यायची असतात आणि शेजाऱ्यांकडे डबा भरून पाठवायची असतात. अब्लांची मनगटं सुजली होती. आणि बहीगाबाई भट्टीवर, आठ बायकांच्या देखत म्हणाल्या, "इनायातचे कहक फार सुबक झालेत गं. कुठल्या दुकानातले म्हणे?" आठ बायका हसल्या. दमनहूरमध्ये बाईला चोर म्हटलं तर ती पोलिसात जाते. कहक विकतचे म्हटलं तर कुठं जाणार? अब्लांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं, पण लिहिणं धरलं. दर गुरुवारच्या लेखात 'समोरची' म्हणून एक तरी ओळ असायचीच. 'समोरचीचे पडदे पाहून वाटतं की कुणीतरी सुरण उकडून टांगलाय.' बहीगाबाई सगळ्यांना सांगत, "मी तिचा ब्लॉग वाचत नाही." पण शुक्रवारी त्यांचे पडदे बदललेले असत. अब्ला नव्या पडद्यांकडे समाधानाने बघत आणि पुढच्या आठवड्याची ओळ शोधत. असं चार वर्षं सुखात चाललं होतं.

आणि या रविवारी बहीगाबाई जिन्यात घसरल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मंगळवारी अब्लांनी पाहिलं, बाई डाव्या हाताने कपडे वाळत घालताहेत, चिमटा दातात धरलाय, आणि उशीचा अभ्रा हातातून निसटून थेट खड्ड्यात गेला. बहीगाबाई कठड्यावरून वाकून नुसत्या त्या अभ्र्याकडे बघत राहिल्या. अब्ला खुर्चीतून उठल्या, बाल्कनीच्या दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. हात कसा आहे, एवढंच विचारायचं होतं. पण टोमणा मारून विचारलं तर ते दुष्टपणाचं, आणि गोड विचारलं तर हरल्यासारखं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

"मी लिहून देऊ?" नरमीन चहा घेऊन बाहेर आली. ती बँकेत कामाला होती आणि बँकेतली सगळी पत्रं कशी लिहिते ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिने मोबाइल पुढं केला. "म्हणजे मी नाही, हे लिहितं. आपण फक्त काय हवं ते सांगायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता."

"माझी खरी अजून संपलेली नाही."

"चार वेळा पुसलंस, मावशी."

अब्लांनी चहाचा घोट घेतला. मनगट दुखत होतं, डोळे चुरचुरत होते, आणि गुरुवार काही थांबणार नव्हता. "बरं, सांग त्याला. काहीतरी मऊ लिही म्हणावं. एका बाईला लागलंय, मला तिची काळजी वाटते. पण तिचं नाव नको. लागल्याचा उल्लेख नको. हात नको, जिना नको. काळजी वाटते हे पोचलं पाहिजे, पण मी काळजी करते असं दिसता कामा नये."

नरमीनने हे सगळं इमानाने टाइप केलं. यंत्राने एवढ्या गोष्टी वजा केल्यावर जे उरलं ते अकरा सेकंदांत लिहून दिलं.

'प्रिय वाचकहो, जीवनाच्या या सुंदर प्रवासात आपण सारे एकाच वस्त्रातले सोनेरी धागे आहोत. माझ्या शब्दांनी कळत नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, तर मी अंतःकरणापासून क्षमा मागते. निरोपाचा क्षण कधी येईल हे कुणाला ठाऊक? म्हणून आजच सांगते, तुम्ही सर्वजण माझ्या हृदयात आहात.'

अब्लांनी ते तीनदा वाचलं. वर्गात एखाद्या मुलीने असं लिहून आणलं असतं तर त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले असते आणि मग तिच्या आईला बोलावून विचारलं असतं की हे कुणी लिहून दिलं. पण आज त्या दमल्या होत्या. "टाक," म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.

गुरुवारी सात वाजता लेख गेला. साडेसातला दाराची घंटा वाजली.

दारात इमारतीचा राखणदार अम शाझली उभा होता. सगळ्या गल्लीचा काका, आणि सगळ्या गल्लीची बातमी आधी त्याच्याकडे. त्याने पगडी काढून हातात धरली होती आणि डोळे पुसत होता.

"अब्ला, मी माफ केलं," तो म्हणाला. "लिफ्टबद्दल लिहिलं होतंत, मी दुपारी झोपतो म्हणून लिहिलं होतंत, सगळं माफ. मनात काही ठेवलं नाही. कधी निघायचं?"

"कुठं निघायचं?"

"सांगू नका, सांगू नका! ज्याला बोलावणं येतं तो असाच गप्प राहतो."

आता अब्लांच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे माणूस सगळ्या गावाची माफी दोनच वेळा मागतो. हजला निघताना, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर चढताना. आणि हजची पहिली विमानं दोन आठवड्यांवर आली होती.

"शाझली, मी कुठंही जात नाही!"

"अल्ला तुमचं म्हणणं खरं करो, आणि नेऊन सुखरूप परतही आणो," शाझली म्हणाला आणि जिना उतरता उतरता प्रत्येक मजल्यावर ही बातमी ठेवत गेला.

आठ वाजता खाटीक मुअल्लिम गुनेम, म्हणजे गुनेम उस्ताद, दोन किलो कलेजी घेऊन आला. 'मुअल्लिमच्या तराजूवर सगळ्यात जड वस्तू म्हणजे त्याचा अंगठा' असं अब्लांनी लिहिल्यापासून तो वर बघत नसे. आज त्याने कलेजी टेबलावर ठेवली आणि अंगठा खिशात घातला.

"मोकळ्या मनाने खा, अब्ला. रक्त वाढतं. पित्ताशय आहे की हृदय?"

"काय पित्ताशय?"

"हृदय," गुनेम स्वतःशीच पुटपुटला. "लिहिलंच होतं ना त्यात. 'माझ्या हृदयात' म्हणून. मी बायकोला म्हटलं, ही बाई साधी सर्दी झाली तरी आपल्याला शिव्या घालेल. ही माफी मागते म्हणजे डॉक्टरांनी हात टेकलेत."

दहा वाजेपर्यंत दिवाणखाना भरला. एका बाजूला हजवाले, एका बाजूला दवाखानावाले. हजवाल्यांनी चिठ्ठ्या आणल्या होत्या, काबापुढे कुणासाठी काय मागायचं त्याच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली होती. "माझ्या हनानसाठी नवरा मागा, अब्ला. खाली लिहिलंय कसा पाहिजे ते. केस असलेला, आणि आई कैरोपलीकडे राहणारी." दवाखानावाल्यांनी पेरूच्या रसाचे डबे आणि संत्री आणली होती. पहिल्या मजल्यावरच्या मदाम मार्सेल शिंपीणबाई चर्चमधून परस्पर आल्या होत्या.

"मी मार गिर्गिसपुढे दोन मेणबत्त्या लावल्या," त्यांनी अब्लांचा हात हातात घेतला. "एक विमानासाठी, एक ऑपरेशनसाठी. जी लागू पडेल ती."

"मार्सेल, निदान तू तरी ऐक. मला काहीही झालेलं नाही."

"नाहीच होणार," मार्सेल रडू लागल्या.

अब्ला जितक्या जोरात नाही म्हणत तितकी माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत. नाही म्हणणारा हाजी नम्र असतो आणि नाही म्हणणारा रोगी शूर असतो, तेव्हा नाही म्हणून सुटका नव्हती. शेवटी त्यांनी नरमीनला स्वयंपाकघरात ओढलं. बिचारी बँकेत जायची सोडून संत्री रचत होती.

"मावशी, सांगून टाक ना की तो लेख तू लिहिलाच नाहीस. एका वाक्यात मिटेल."

"आणि समोरचीला कळू दे, की मी विकतचं आणून माझं म्हणून वाढलं?" अब्ला दबक्या आवाजात किंचाळल्या. "चार वर्षांनी तिचं म्हणणं खरं ठरवू? आठ बायकांऐवजी सव्वादोनशे माणसांच्या देखत?"

"मग आता?"

"आता मी हजला जाईन. नाहीतर पित्ताशय काढून घेईन. जे आधी होईल ते."

असं म्हणून त्या परत बाहेर गेल्या. जाताना नजर समोर गेली. बहीगाबाईंच्या बाल्कनीची दारं बंद होती. सगळी गल्ली येऊन गेली. ज्याच्याशी बारा वर्षं खटला चालू होता तो गॅसवालासुद्धा येऊन माफ करून गेला. एक ती तेवढी आली नाही. अब्ला दिवसभर माणसांच्या खांद्यांवरून त्या बंद दारांकडे बघत राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना खरोखरच बरं वाटेनासं झालं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खालून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. अब्ला खाली गेल्या. दाराशेजारच्या भिंतीला पांढरा चुना लागला होता आणि शिडीवर बसलेला रंगारी निळ्या रंगाचं भलंमोठं विमान काढत होता. हाजीच्या घरावर काबा आणि विमान रंगवायची आमची रीत आहे, पण ती माणूस हजला गेल्यावर, परतण्याच्या स्वागतासाठी.

"मला पुढचे तीन आठवडे वेळ नाही," रंगाऱ्याने खुलासा केला. "म्हणून शाझलीने आजच बोलावलं. ही बघा तिसरी खिडकी. चष्मा लावलेली बाई. तुम्हीच."

"अहो, पण मी जात नाहीये!"

रंगाऱ्याने कुंचला थांबवला. अर्ध्या विमानाकडे पाहिलं, मग अब्लांकडे. "मग काय काढू? हॉस्पिटल?"

वर जाताना जिन्यात शाझली आणि गुनेम हातघाईवर आले होते.

"बाई हजला चालल्यात! कलेजी कसली आणतोस?"

"हृदयाच्या माणसाला वाळवंटात पाठवतोस? मारायचंय का अब्लांना?"

अब्ला मध्ये पडायच्या आत त्यांच्यात तडजोड झालीसुद्धा. ऑपरेशन जेद्दाला होईल, टाके निघाले की तिथूनच मक्का. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि अब्लांना दोन्ही बाजूंनी दंड धरून, पायरी पायरी सांभाळत वर आणून सोडलं. घरात तीसएक माणसं होती.

संध्याकाळी नरमीन गर्दीतून वाट काढत आली. चेहरा पडलेला. तिने एक पाकीट मावशीच्या मांडीवर ठेवलं.

"बहीगामावशींनी दिलंय."

अब्ला पाकीट घेऊन न्हाणीघरात गेल्या, कारण घरात तेवढीच जागा रिकामी होती. कडी लावली, बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या, चष्मा पुसला आणि चार वर्षं वाट पाहिलेलं पत्र उघडलं.

'प्रिय इनायात, जीवनाच्या या सुंदर प्रवासात तुझी मैत्री म्हणजे माझ्या आयुष्याच्या वस्त्रातला सोनेरी धागा आहे. कळत नकळत...'

पुढचं त्यांना दिसेना. त्यांना फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी बहीगाचं पत्र आलं, आणि त्यात बहीगा कुठंच नव्हती. ती असती तर पहिल्याच ओळीत काहीतरी झोंबलं असतं. मग हळूहळू, चौतीस वर्षं निबंधाच्या वह्या तपासलेली बाई त्या बादलीवर ताठ झाली. सोनेरी धागा. कळत नकळत. एकीने दुसरीच्या वहीत बघून लिहिलं की दोन्ही वह्यांत चूक एकाच जागी सापडते.

"नरमीन!"

नरमीन न्हाणीघराच्या दारात आली. "त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे ना, मावशी. मला बोलावलं. म्हणाल्या, काहीतरी मऊ लिहून दे. इनायातचं बरंवाईट काय ते कळू दे, पण मी विचारतेय असं दिसायला नको. मी म्हटलं माझ्याकडे आहे एक, आणि त्यांनी न वाचताच पाकीट बंद करायला लावलं..."

अब्ला पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. पत्र मुठीत धरून त्या दिवाणखाना ओलांडून बाल्कनीत गेल्या. मृत्यूच्या दारातली बाई इतक्या वेगाने निघालेली पाहून तीस माणसं त्यांच्या मागे धावली.

"बहीगा!"

चार वर्षांतला पहिला शब्द. समोरची दारं ताबडतोब उघडली. इतकी ताबडतोब, की बाई दारामागेच उभ्या असणार यात शंका नको.

"काय ओरडतेस? आजारी आहेस ना तू?"

"हे पत्र विकतचं आहे!" अब्लांनी कागद फडकवला.

खाली रंगाऱ्याने कुंचला ठेवला. भाजीवाल्याने गाडी थांबवली. मागची तीस माणसं कठड्याशी सरकली.

"आणि तुझा गुरुवारचा लेख?" बहीगाबाई प्लास्टरचा हात कठड्यावर टेकून वाकल्या. "तो काय घरी केला होतास? पहिल्या ओळीत ओळखलं मी! सोनेरी धागे म्हणे! तू जन्मात कुणाला सोनेरी म्हणालीयस? माझ्या मुलाच्या लग्नात नवरीला बघून 'बरी आहे' म्हणालीस तू!"

"बरीच होती! आणि तू तर वाचत नाहीस ना माझा ब्लॉग?"

"दर गुरुवारी वाचते! सात वाजता! चष्मा लावून!"

सगळ्या गल्लीने हे ऐकलं आणि नीट लक्षात ठेवलं.

"मग ओळखलं होतंस तर आली का नाहीस?" अब्लांचा आवाज फाटला. "सगळं गाव येऊन गेलं. गॅसवाला आला. तू का नाही आलीस?"

बहीगाबाई बोलल्या, पण तेवढ्या जोरात नाही. "कुणाला भेटायला येऊ? ते तू लिहिलंच नव्हतं. चार वर्षं दर आठवड्याला माझी एक ओळ असते. पडदे, चपला, माझं हसणं. काही ना काही असतं. या गुरुवारी तीनदा वाचलं मी. शोधली. नव्हती." त्यांनी डाव्या हाताने नाक पुसलं. "म्हटलं, इनायातनं मला सोडलं. मरायला टेकली असती तर एखादी शिवी तरी देऊन गेली असती."

अब्ला मागे वळल्या, दिवाणखान्यातल्या सगळ्यांकडे बघितलं आणि वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "ऐका. तो लेख मी लिहिला नाही. यंत्राने लिहिला. मी दुसऱ्याचं माझं म्हणून खपवलं. मी हजला चालले नाही, आणि माझं पित्ताशय शाबूत आहे."

दिवाणखान्यात निराशा पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने हनानची चिठ्ठी परत घेतली. "म्हणजे माफी पण तुमची नव्हती?" गुनेमने विचारलं. "माझा अंगठा...?"

"अंगठ्याचं मी लिहिलं होतं. ते खरं आहे."

"मग कलेजी?"

"कलेजी तळून झाली, मुअल्लिम. काल तुम्हीच दोनदा वाढून घेतलीत."

"अगं, त्यांचं काय घेऊन बसलीस!" समोरून बहीगाबाई ओरडल्या. "यंत्राने लिहिलं ते लिहिलं. तुला काय लिहायचं होतं?"

"तुझ्या हाताचं विचारायचं होतं!"

"मग विचार!"

"हात कसा आहे?"

"दुखतोय!"

"मग कपडे कशाला वाळत घालतेस गाढवासारखी?"

"कोण घालणार? तू?"

"थांब तिथंच!" अब्ला म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

खड्ड्याला वळसा घालून समोरच्या दारात जायला वीस पावलं लागतात. अब्ला समोरच्या जिन्यापाशी पोचल्या तेव्हा शाझलीने बातमी त्यांच्या आधी वर नेली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं. बहीगाबाई आत उभ्या होत्या. जवळून जरा म्हाताऱ्या दिसत होत्या. दोघींनी एकमेकींना आपादमस्तक पाहून घेतलं.

"जाडी झालीस," बहीगाबाई म्हणाल्या.

"पडदे अजून वाईट आहेत," अब्ला म्हणाल्या, आणि दोघी रडल्या. प्लास्टर मध्ये येत होतं म्हणून मिठी तिरकी झाली.

मग बराच वेळ अब्ला चिमटे लावत होत्या आणि बहीगाबाई कसे लावायचे ते शिकवत होत्या. शेवटचा टॉवेल राहिला तेव्हा बहीगाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ते कहक विकतचे नव्हते."

"मला ठाऊक आहे. मीच केले होते."

"मलाही ठाऊक होतं. माझे त्या वर्षी जळले. तीन ताटं. भट्टीवर सगळ्यांनी पाहिली, आणि तेवढ्यात तुझं ताट बाहेर आलं, एकेक कसा चंद्रासारखा. मला राग आला गं. हे मी यंत्राला नाही सांगितलं. त्याला कसं सांगणार? तुलाच सांगायचं होतं."

अब्लांनी टॉवेल झटकला. तो दोरीवर टाकून त्या कठड्याकडे वळल्या. आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना पलीकडून स्वतःची बाल्कनी दिसली. गंजलेली खुर्ची. तिच्यावर फाटकी उशी. कठड्याशी रैहानची, म्हणजे सब्जाची, कुंडी, तिच्यात चार काड्या. आणि बाल्कनीत दाटीवाटीने उभी राहून इकडेच बघणारी तीस माणसं.

"इथून माझं घर असं दिसतं?"

"चार वर्षं बघतेय."

"मग कुणाला काही बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुझा ब्लॉग आहे, माझं काय आहे? मला कुठं लिहिता येतं?"

"बोलता येतं ना?" अब्ला कठड्यावरून वाकल्या. "नरमीन! लॅपटॉप घेऊन ये! तुझा तो मोबाइल तिथंच राहू दे!"

लॅपटॉप आला. अब्ला बहीगाबाईंच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या, चष्मा सारखा केला आणि एक बोट वर धरलं. "पुढच्या गुरुवारसाठी. सांग."

बहीगाबाईंनी खाकरून घसा साफ केला. डोईवरचा रुमाल सावरला, प्लास्टर टेबलावर ठेवलं, बाल्कनीकडे पाहिलं. मग एकदम सुरू झाल्या.

"समोर तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. तिला वाटतं ती सगळ्यांना बघते. तिच्या कुंडीतला रैहान चार वर्षांपूर्वी मेला. ती अजून त्याला रोज सकाळी पाणी घालते, कारण तिला चुकलं म्हणायला येत नाही."

अब्लांचं बोट थांबलं. "मेलेला नाही तो. सुप्तावस्थेत आहे."

"टाइप कर."

"बरं, निदान 'चुकलं म्हणायला येत नाही' च्या जागी जरा..."

"हात लावायचा नाही!" बहीगाबाई कडाडल्या. "मी बोलते तसंच पाहिजे. तुझं मऊबिऊ काही नको त्यात."

अब्लांनी ओठ घट्ट मिटले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे हसत होते. त्यांनी एका बोटाने ते वाक्य शोधत शोधत, एकही शब्द न बदलता उतरवलं आणि विचारलं, "पुढं?"

"पुढं खूप आहे," बहीगाबाई खुर्चीत मागे रेलल्या. "चार वर्षांचं साठलंय. आधी उठून चहा टाक. माझा हात मोडलाय."